सायकल-प्रश्नोत्तरे : खोल रिमची चाके आणि खान्देशातला वारा

प्रश्न : माझे वय ४१ आणि वजन ७४ किलो आहे. माझ्याकडे डिस्क ब्रेक असलेली रोड बाइक असून तिला कंपनीने दिलेली २४ मिमी खोलीची (खोली म्हणजे टायरपासून तारांकडे मोजलेली रिमेची, चाकाच्या कड्याची, उंची) ॲल्युमिनियमची चाके आणि २८ मिमीचे टायर आहेत. आठवड्यातले तीन-चार दिवस मी पहाटे धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने नरडाण्यापर्यंत, कधी शिरपूरपर्यंत जाऊन येतो. रविवारी लळिंगचा घाट असतो आणि अधूनमधून चाळीसगावमार्गे कन्नड घाटही होतो. सपाटीवर सरासरी वेग ताशी २७-२८ किमी पडतो. येत्या हिवाळ्यात २०० किमीची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल-फेरी, करण्याचा विचार आहे. चाकांसाठी साठ हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. पुण्यातल्या एका दुकानदाराने पुढे-मागे ५० मिमीची कार्बन चाके घेण्याचा आग्रह धरला, तर सोबतचे मित्र म्हणतात की घाट करायचे असतील तर उथळ रिमच हलकी आणि बरी. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, धुळे

उत्तर : दोघांचेही अर्धे-अर्धे ऐकावे. आपल्या रस्त्यांना आणि वेगाला पुढच्या चाकाची रिम ३५ मिमीच्या आसपास असावी आणि मागची ४५ ते ५० मिमीपर्यंत गेली तरी हरकत नाही, असे माझे मत आहे. दुकानदार वेगवेगळ्या खोलीची जोडी देत नसेल तर दोन्ही चाके ३५ ते ४० मिमीची घ्यावीत. पुढे ५० मिमीचे चाक धावणार नाही असे नाही, पण ज्या रस्त्याने आपण सर्वाधिक जाता, नेमक्या त्याच रस्त्यावर जून ते सप्टेंबर ते आपल्याला नकोसे होईल.

आधी फायद्याचा हिशेब पाहू. सपाट रस्त्यावर ताशी ३० किमीच्या आसपास जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवेचा रोध कापण्यात जाते, आणि शांत हवेत त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ३० किमीवरून ४० किमीवर जायचे तर हवेसाठीची शक्ती सुमारे २.४ पट लागते. चाके विकणाऱ्या कंपन्या आपल्या चाचण्या वाऱ्याच्या बोगद्यात बहुधा ताशी ४५ किंवा ४८ किमी वेगाला घेतात, कारण व्यावसायिक शर्यतींचा वेग तेवढा असतो आणि आकडाही डोळ्यांत भरणारा मिळतो. समजा, ४५ किमी वेगाला एखादी खोल रिम उथळ रिमेपेक्षा १० वॅट वाचवते. तीच रिम आपल्या २८ किमी वेगाला, वारा नसताना, जेमतेम अडीच वॅट वाचवील. समोरून ताशी १५ किमीचा वारा असेल तर हवेच्या दृष्टीने आपला वेग ४३ किमी होतो आणि बचत साडेपाच-पावणेसहा वॅटपर्यंत जाते. म्हणजे धुळ्याहून साक्रीकडे, पश्चिमेला तोंड करून जाणाऱ्याला खोल रिमेचा उपयोग त्याच्या वेगावरून वाटतो त्यापेक्षा अधिक होतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत.

पण आपला नेहमीचा रस्ता साक्रीचा नाही, शिरपूरचा आहे, आणि तो जवळजवळ दक्षिणोत्तर जातो. पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा किंवा पश्चिमेचा वारा तिथे समोरून किंवा पाठीमागून न येता बाजूने अंगावर येतो. २८ किमी वेगाने जाणाऱ्याला ताशी १५ किमीचा आडवा वारा मिळाला, तर चाकावर येणारी हवा सुमारे २८ अंशांच्या कोनातून येते. ४५ किमी वेगाने जाणाऱ्याला तोच वारा १८ अंशांचा लागतो. खोल रिम थोड्या तिरक्या हवेत उत्तम काम करते, तिला शिडासारखा किंचित पुढे रेटाही मिळतो. कोन फार वाढला की मात्र हवा रिमेच्या पाठीवरून सुटते, तो लाभ ओसरतो आणि मागे उरते ती केवळ बाजूची ढकल. आपल्यासारख्या मध्यम वेगाच्या स्वाराला हे मोठे कोन वारंवार भेटतात, ही गोष्ट चाकांच्या जाहिरातीत कधी येत नाही.

ही ढकल मागच्या चाकावर आली तर सगळी सायकल थोडी सरकते आणि आपण नकळत तोल सावरतो. पुढच्या चाकावर आली तर ती थेट हँडल वळवते. शिरपूरहून परतताना, म्हणजे दक्षिणेकडे तोंड असताना, हे कसे घडते ते एकदा नीट पाहावे. वारा उजवीकडून येत असतो, म्हणून आपण सायकल किंचित उजवीकडे कलती धरून चाललेले असतो. अशा वेळी उजव्या अंगाने कंटेनर पुढे जाऊ लागतो. त्याच्या आडोशामुळे वारा एकदम थांबतो, आपला कल मात्र तसाच राहतो, आणि सायकल कंटेनरच्या बाजूला ओढली जाते. तो पुढे निघून जाताच वाऱ्याचा झोत पुन्हा येतो आणि सायकल साइडपट्टीकडे फेकल्यासारखी होते. दोन्ही झटके दोन-तीन सेकंदांत येतात. उथळ रिमेवरही ते जाणवतात, ३५ मिमीवर सांभाळता येतात, आणि पुढे ५० मिमी असताना सरावलेल्या माणसालाही दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरावे लागते. सावळद्याच्या तापी पुलावर तर आडोसा कसलाच नसतो. आपण पहाटे निघता हे चांगले, कारण उन्हाळ्यात वारा दिवस चढल्यावर वाढतो, पण जून-जुलैत पहाटेही तो पडलेला असेलच असे नाही.

यात रिमेच्या आकाराचाही मोठा भाग आहे, आणि वापरलेली चाके घेताना लोक नेमके तेच पाहत नाहीत. जुन्या खोल रिमा आतल्या बाजूला, तारांकडे, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या निमुळत्या होत्या, आणि त्या आडव्या वाऱ्यात अचानक झटका देत. अलीकडच्या रिमा आतून गोलसर आणि रुंद असतात, त्यांच्यावर वाऱ्याचा जोर हळूहळू चढतो. म्हणून जुन्या घडणीची ४० मिमी रिम नव्या घडणीच्या ५० मिमी रिमेपेक्षा वाऱ्यात अधिक त्रासदायक ठरू शकते. रुंदीचा प्रश्न टायरशी जोडलेला आहे. रिमेची बाहेरची रुंदी बसवलेल्या टायरच्या प्रत्यक्ष रुंदीच्या निदान १०५ टक्के असावी, असा या क्षेत्रात एक रूढ आडाखा आहे, कारण टायर रिमेबाहेर फुगलेला असला तर त्यावरून आलेली हवा रिमेला धरून वाहत नाही. आपला २८ मिमीचा टायर खरोखर २८ मिमी भरत असेल तर रिम बाहेरून साडेएकोणतीस मिमीच्या आसपास हवी. बाहेरून २५ मिमी असलेल्या ५० मिमी खोल रिमेवर २८ मिमीचा टायर चढवणे म्हणजे खोलीचे पैसे मोजून तिचा बराचसा उपयोग सोडून देणे होय. टायरवर छापलेल्या आकड्यावर मात्र विसंबू नये. आतून रुंद असलेल्या रिमेवर तोच टायर एक-दोन मिमी जास्त भरतो, म्हणून व्हर्नियर लावून मोजावे आणि सांगाड्यात तेवढी जागा आहे ना, हेही पाहावे.

आता आपल्या मित्रांचा मुद्दा. खोल म्हणजे जड, ही समजूत एकाच मालाच्या दोन रिमांची तुलना करताना खरी असते. आपली सध्याची चाके कंपनीने सायकलबरोबर दिलेली आहेत, आणि अशी ॲल्युमिनियमची जोडी बहुधा १८०० ते २००० ग्रॅम भरते, तर ५० मिमीची बरी कार्बन जोडी १५०० ग्रॅमच्या आसपास मिळते. तेव्हा खोल चाके घेऊनही आपली सायकल हलकीच होईल. आणि समजा ३०० ग्रॅमचा फरक पडलाच, तरी त्याने घाटात काय होते? आपण, सायकल, पाण्याच्या बाटल्या मिळून ८४ किलो धरले तर ३०० ग्रॅम म्हणजे साधारण ०.३६ टक्के. पाऊण तासाच्या सलग चढाला त्याने सुमारे दहा सेकंद इकडे-तिकडे होतात. फिरते वजन दुप्पट मोजावे लागते, असे जे सांगतात, ते वेग वाढवतानाच खरे आहे, एकसारख्या वेगाने चढताना नव्हे. वेग वाढवतानाही एकूण भारापुढे तो फरक एक टक्क्यापर्यंत जात नाही. शर्यतीत शेवटच्या वळणावर सुसाट सुटणाऱ्याने त्याची चिंता करावी. कन्नड घाटातून खाली येताना दरीच्या तोंडाशी वाऱ्याचा झोत आला, तर ते दहा सेकंद कोणाला आठवणार नाहीत. तिथेही पुढची रिम मध्यम असणेच कामाला येते.

ब्रेव्हेपुरते बोलायचे तर २०० किमीला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी १५ किमीपेक्षाही कमी सरासरी पुरते. ती आपण आहे त्या चाकांवर आरामात पूर्ण कराल. ब्रेव्हेसाठी म्हणून खोल रिम घेण्याचे कारण नाही. आवडते म्हणून घ्यावी, त्यात वावगे काही नाही.

साठ हजारांत घेताना मी खोलीपेक्षा तीन गोष्टी आधी विचारीन. पहिली, तारांची निपले, म्हणजे तारा ताणून धरणारे छोटे नट, रिमेच्या बाहेर आहेत की आत दडवलेली. काही खोल रिमांत ती आत असतात आणि चाकाचा थोडासा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा तरी टायर आणि रिमेवरची टेप उतरवावी लागते. ब्रेव्हेच्या रात्री पारोळ्याच्या चौकात हे कोणी करून देणार नाही. दुसरी, तारांची संख्या आणि लांबी. खोल रिमेच्या तारा आखूड आणि कमी असतात, २० किंवा २४, त्यामुळे एक तुटली की चाक ३२ तारांच्या चाकापेक्षा अधिक डगमगते, आणि ती लांबी जळगाव-धुळ्याच्या दुकानांत मिळेलच असे नाही. विकत घेतानाच प्रत्येक लांबीच्या दोन-दोन तारा मागून घ्याव्यात. तिसरी, रिमेची कड. आजकाल अनेक कार्बन रिमा हुकलेस येतात, म्हणजे टायर अडकवणारी आतली कड त्यांना नसते. त्यांना ट्यूबलेसलाच चालणारे ठरावीक टायर लागतात आणि हवेची मर्यादा ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय आहे. आपल्या वजनाला २८ मिमी टायरमध्ये ६५ ते ७० पीएसआय लागेल. सकाळी २५ अंशांत ७० पीएसआय भरलेली हवा दुपारी ४५ अंशांच्या डांबरावर साडेपंच्याहत्तरच्या पुढे जाते. मर्यादा ओलांडली की टायर तत्क्षणी सुटतो असे नाही, पण मे महिन्यात मर्यादेला टेकून चालण्याची सक्ती स्वतःवर का करून घ्यावी? हुक असलेली रिम मिळत असताना तीच घ्यावी.

प्रश्न : मी फैजपूरचा आहे. मागच्या वर्षी पुढे-मागे ५५ मिमीची कार्बन चाके घेतली. हिवाळ्यात फार समाधान वाटले. आता मात्र सावदा-रावेर रस्त्याला केळीची बाग जिथे संपते तिथे पुढचे चाक अचानक ओढले जाते, आणि दोनदा तर मी साइडपट्टीवर उतरलो. चाके विकून टाकावीत का?
— एक वाचक, फैजपूर

उत्तर : दोन्ही विकण्याची गरज नाही. आपल्या भागात केळीच्या बागांना वाऱ्यापासून आडोसा म्हणून कडेने शेवरी लावलेली असते, आणि ती केळी राखते तशीच रस्त्यावरच्या सायकललाही राखते. बाग संपून कापसाचे किंवा नांगरलेले मोकळे रान लागले की जो वारा एवढा वेळ अडलेला होता तो एकदम सापडतो. ज्या वाऱ्याची सवय होते तो त्रास देत नाही, त्रास देतो तो बदल. म्हणून उघड्या माळावर सतत आडवा वारा असतानाही आपण सरळ जात असाल आणि बागांच्या रस्त्यावर मात्र डगमगत असाल, तर त्यात आश्चर्य नाही.

मागचे ५५ मिमी राहू द्यावे आणि पुढचे तेवढे ३० ते ३५ मिमीचे करावे. यात आपण थोडे गमावता, हेही सांगितले पाहिजे. पुढच्या चाकाला स्वच्छ, न ढवळलेली हवा मिळते आणि मागचे चाक सीटच्या नळीच्या व पायांच्या आड असते, त्यामुळे हवेच्या दृष्टीने पुढच्या चाकाची खोली मागच्यापेक्षा अधिक उपयोगी असते. पण हँडलला जोडलेले चाकही तेच आहे. शर्यतींच्या जगातही खोलीला आता लगाम आला आहे. आंतरराष्ट्रीय सायकल संघटना यूसीआयने १ जानेवारी २०२६ पासून एकत्र सुटणाऱ्या रस्ता-शर्यतींसाठी ६५ मिमीची कमाल मर्यादा ठरवली आहे.

चाक बदलेपर्यंत बागेचा शेवट दिसू लागला की वेग थोडा कमी करावा, पण पायडल मारणे थांबवू नये, कारण पायांवर भार असताना सायकल अधिक स्थिर राहते. हात ड्रॉप्सवर (हँडलच्या खालच्या वाकावर) किंवा हूड्सवर (ब्रेकच्या मुठींवर) असावेत, कोपर सैल असावेत. मनगटे आवळून धरली की वाऱ्याचा प्रत्येक झटका खांद्यापर्यंत येतो आणि आपणच हँडल उलट दिशेला जास्त फिरवतो. साइडपट्टीच्या अगदी कडेने न जाता वारा ज्या बाजूला ढकलतो त्या बाजूला हातभर जागा ठेवावी. आणि मे-जूनमध्ये केळी आडवी करणारे वादळ येते, तेव्हा आभाळ काळवंडू लागताच सायकल बाजूला घेऊन एखाद्या पक्क्या बांधकामात थांबावे. त्या वाऱ्यात कुठलीच रिम चांगली नाही.

प्रश्न : शहाद्याहून तोरणमाळला सायकलने जाऊन येण्याचा बेत आहे. सायकल जुनी असून तिला रिम ब्रेक आहेत. एका मित्राकडून ३८ मिमीची कार्बन क्लिंचर (टायर रिमेच्या कडेत अडकवून आत वेगळी ट्यूब घालायची) चाके स्वस्तात मिळत आहेत. घ्यावीत का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : तोरणमाळसाठी घेऊ नयेत. खोली ३८ मिमी ठीक आहे, अडचण ब्रेकची आहे. तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे आणि शहादा तापीच्या सखल खोऱ्यात, त्यामुळे परतीच्या वाटेवर वळणावळणांचा लांब उतार लागतो. रिम ब्रेकमध्ये सगळी उष्णता रिमेच्या कडेलाच तयार होते. ॲल्युमिनियम ती लवकर पसरवून हवेत सोडते, कार्बन तसे करत नाही, आणि जुन्या रिमांतले रेझिन, म्हणजे कार्बनचे धागे धरून ठेवणारा चिकट पदार्थ, फार तापले की मऊ पडून कड फुगते. ती फुगली की टायर धरून ठेवणारा भागच कमकुवत होतो. ओल्या रस्त्यावर कार्बनवरचा ब्रेक उशिरा लागतो, हा आणखी एक दोष, आणि पावसाळा हाच तर तोरणमाळला जाण्याचा हंगाम.

सपाटीसाठी म्हणून ती चाके घ्यायचीच असतील, तर कडेवरून नखाने आडवे चाचपून पाहावे. कुठे उंचवटा, भेग किंवा रंगात पिवळसरपणा दिसला तर परत करावीत. ब्रेकचे रबर कार्बनसाठीचेच वापरावे, आणि ॲल्युमिनियमच्या रिमेवर घासलेले रबर पुन्हा कार्बनवर लावू नये, त्यात रुतलेले धातूचे कण रिमेला ओरखडे पाडतात. लॅटेक्सची ट्यूब टाळावी, तापलेल्या रिमेत ती फुटण्याचा धोका असतो. तोरणमाळला आपली ॲल्युमिनियमची उथळ चाके न्यावीत. उतारावर ब्रेक सतत घासत न ठेवता वळणाआधी दोन्ही ब्रेक जोराने लावून वेग उतरवावा आणि मग सोडून द्यावेत, म्हणजे रिमेला मध्ये निवायला वेळ मिळतो.

प्रश्न : ५० मिमीच्या रिमेत घातलेल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बाहेरच येत नाही. भुसावळात दुसरी ट्यूब मिळाली नाही. काय करावे?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : आपली ट्यूब बहुधा ४८ मिमी व्हॉल्व्हची आहे. ५० मिमी रिमेला ७० ते ८० मिमीचा व्हॉल्व्ह लागतो, कारण पंपाचे तोंड पकडायला निदान दीड सेंटिमीटर बाहेर दिसावा लागतो. तशी ट्यूब मागवून घ्यावी लागेल, आणि मागवताना एकदम तीन-चार घ्याव्यात, बाभळीचा काटा कोणाचीही रिम बघून टोचत नाही. तोवर व्हॉल्व्हला जोडायची नळी, म्हणजे एक्स्टेंडर, चालेल, मात्र ट्यूबच्या व्हॉल्व्हचा आतला कोअर निघणारा असला पाहिजे. कोअर काढून नळी पिळून बसवावी, सांध्याला नळकाम करणारे वापरतात ती पांढरी टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळावी आणि कोअर नळीच्या वरच्या टोकाला लावावा. कोअर न काढता नुसती नळी चढवायची असेल तर व्हॉल्व्हचा पितळी खिळा आधी पूर्ण उघडून ठेवावा लागतो, आणि तशा जोडणीत हवेचा दाब नीट मोजता येत नाही.